फळ्यावरची दुसरी ओळ

हिंगोलीच्या वाचनालयाला म्हातारी माणसं शेवटपर्यंत कुतुबखानाच म्हणत. सरकारी कागदावर आणि दारावरच्या पाटीवर ‘सार्वजनिक वाचनालय’ असं लिहिलेलं होतं, पण मोंढ्यातला, धान्याच्या बाजारातला, हमाल पत्ता विचारणाऱ्याला ‘कुतुबखान्यापून डाव्या हाताला वळा’ असंच सांगायचा. निजामाच्या राज्यात गावातल्या दोन वकिलांनी, एक हिंदू आणि एक मुसलमान, आपापली पुस्तकं एका खोलीत आणून ठेवली आणि संस्था सुरू झाली. हा इतिहास मला लहानपणापासून पाठ होता, कारण आमच्या घरी दुसऱ्या कुठल्या इतिहासाला फारसा भाव नव्हता. त्या दोघांचं लवकरच बिनसलं. कशावरून, तर दारातल्या फळ्यावर सूचना कोणत्या लिपीत लिहायची यावरून. महिनाभर अबोला चालला आणि शेवटी असं ठरलं की प्रत्येक सूचना वर मराठीत आणि खाली उर्दूत लिहायची, आणि दोन्ही ओळी झाल्याशिवाय फळा खिळ्याला लावायचा नाही. पुढे ते राज्य गेलं, वकील गेले, उर्दू वाचणारे दर साली कमी होत गेले, पण दुसरी ओळ कुणी बंद केली नाही. नवी पुस्तकं आली आहेत, उद्या सुट्टी आहे, पानांचे कोपरे दुमडू नका, सगळं दोनदा लिहिलं जायचं.

माझे बाबा तिथे शिपाई होते. शिरड शहापूरहून तरुणपणी हिंगोलीला आले ते बाबासाहेबांचा फोटो, एक वळकटी आणि सातवी पासचा दाखला घेऊन. संस्थेने त्यांना झाडू दिला. दहा वर्षांत अशी वेळ आली की ग्रंथपालांना पुस्तक सापडलं नाही तर ते बाबांनाच हाक मारत. बाबा डोळे मिटून सांगत, तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा, भिंतीकडून मोजा. पगार मात्र झाडूचाच राहिला. वाचनालयाच्या मागे, भिंतीला भिंत लागून, पत्र्याच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. माय मोंढ्यात हळद निवडायला जायची. तिचे तळहात, नखं, लुगड्याचा काठ, सगळं बारा महिने पिवळं. तिने थापलेल्या भाकरीलाही हळदीचा वास यायचा आणि आम्हा भावंडांना बिनवासाची भाकरी दुसऱ्याच्या घरी गेल्यावरच कळायची. संध्याकाळी ती चुलीपुढे बसली, की भिंतीपलीकडून पेपरची पानं उलटल्याचा आवाज ऐकू यायचा आणि मग एका लयीत ठक, ठक, ठक. तो आवाज करीमचाचांच्या हातोडीचा.

करीमचाचा संस्थेचे जिल्दसाज. फाटक्या पुस्तकांना टाके घालायचे, पुठ्ठा चढवायचे, कणा ठोकून सरळ करायचे. वाचनालयाच्या मागच्या अंगाला त्यांची कामाची खोली होती, मधे दार नव्हतं, नुसता गोणपाटाचा पडदा. तिला बाहेरून वेगळं दार होतं आणि त्याची किल्ली चाचांच्या बंडीच्या खिशात असायची. मैद्याची खळ शिजवून त्यात मोरचूद टाकला, की ती निळसर दिसायची. ‘चाटू नको, मरशील’ हे त्यांनी मला सांगितलेलं पहिलं वाक्य असावं. तपकीर ओढून ओढून त्यांचं नाक कामातून गेलं होतं. माय कधी कढी द्यायला जायची, तर ते म्हणायचे, ‘भाभी, वास तुम्ही सांगा, मला नुसतं गरम लागतं.’ मराठी ते आमच्याइतकं बोलत, पण त्यांची शाळा सगळी उर्दूत झालेली. देवनागरी अक्षर त्यांना कधी लागलं नाही आणि त्याचं त्यांना दुःखही नव्हतं. म्हणायचे, ‘मला काय गरज? वरची ओळ तुमच्या बापाची, खालची माझी. मी माझी वाचतो.’

मी बी.ए.ला गेले त्या वर्षी त्यांनी मला उर्दू शिकवायला घेतलं. मी मागितलं नव्हतं. एका दुपारी माझ्या हातात बोरू देऊन म्हणाले, ‘संगीता, माझ्यामागं खालची ओळ कोण लिहिणार? माझी पोरं दुबईच्या गोष्टी करतेत. तू शिक.’ मला तेव्हा हे फार मोठं वाटलं आणि खोटं कशाला सांगू, थोडा गर्वही झाला. कॉलेजातल्या मुली टायपिंग शिकत होत्या, मी उजवीकडून डावीकडे लिहीत होते. वाचायला सहा महिन्यांत आलं. लिहिण्यात मात्र हात बसेना. ओळ हळूहळू वर चढायची, नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, भलतीकडे पडायचे. चाचा हसायचे, चिडायचे नाहीत. पण मला हसण्याचाच राग यायचा. हा माझा स्वभाव आजही गेलेला नाही. साठीकडे झुकले, तरी कुणी माझ्या कामावर हसलं की मी ते काम टाकून देते. अशी किती कामं टाकली याचा हिशोब केला नाही. एकाचाच केला आहे, तो इथे लिहिते.

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. परभणीहून साहेब तपासणीला येणार आणि संस्थेला अनुदानाचा वरचा वर्ग मिळणार की आहे तोही जाणार हे ठरणार, असं पत्र आलं. वाचनालयात धावपळ उडाली. आणि त्याच आठवड्यात बाबांनी भिंतीकडचं कपाट ओढलं, तर मागून वाळवीचा मातकट पट्टा छतापर्यंत गेलेला. चार कपाटांतली पुस्तकं आतून पोकळ झाली होती, वरून पुठ्ठे तेवढे शाबूत. बाबा दिवसभर जेवले नाहीत. संस्थेचे सचिव बापूशेठ, मोंढ्यात त्यांची हळदीची आणि धान्याची अडत. माणूस उमदा होता, हे आधी सांगते, कारण पुढे त्यांच्याबद्दल बरं लिहिता येईल की नाही ठाऊक नाही. ते कपाटापुढे उभे राहून म्हणाले, ‘इतकं घाबरायला काय झालं? गोदामात पोत्यांना कीड लागती तवा आमी काय करतो? गोळ्या ठेवतो, दार लावतो, तीन दिवसांनी उघडतो. पुस्तकं काय न् पोती काय.’ सगळ्यांना पटलं. आमच्या गावात कुठल्याही रोगाचं औषध शेवटी मोंढ्यातूनच यायचं. पुस्तकांसाठी वेगळं काही असतं का हे कुणी विचारलंच नाही. मीही विचारलं नाही आणि मी तर शिकलेली होते.

रविवारी बापूशेठांच्या गोदामाचा माणूस आला. त्याने तोंडाला ओलं फडकं बांधलं होतं. मी आणि बाबांनी सकाळभर खिडक्यांच्या फटींना वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या, खळ चाचांच्याच डब्यातली. चाचा आणि चाची त्या दिवसांत वसमतला होते, मुलीचं बाळंतपण होतं. शुक्रवारी येणार असं सांगून गेले होते. त्यांच्या खोलीचं मागचं दार चौकटीत घट्ट बसायचं, म्हणून त्याला पट्ट्या लावल्या नाहीत, नुसतं कुलूप होतं ते तसंच ठेवलं. गोदामाचा माणूस आत एकटा गेला, भराभर बाहेर आला आणि पुढच्या दाराला कुलूप घालून बाबांना म्हणाला, ‘गुरुवारपस्तोर कुत्रं बी आत जाऊ देऊ नका. माणसाची तर बातच सोडा.’

मग फळा. मी खडू घेतला आणि वर मराठीत लिहिलं, ‘कीड मारण्याचे औषध ठेवले आहे. वाचनालय गुरुवारपर्यंत बंद. कोणीही आत जाऊ नये.’ खाली दुसरी ओळ लिहायला बसले. चाचा नसताना मी पहिल्यांदाच ती लिहीत होते, तीही ओसरीवर, पाच-सहा माणसांसमोर. सगळी लिहिली. जुमेरातपर्यंत कुतुबखाना बंद, आत औषध आहे, एवढंच, पण सगळं. मागे सरून पाहिलं, तर ओळ नेहमीसारखी वर चढलेली. बापूशेठ वाकून बघत म्हणाले, ‘अगं, किडे आत मारायला घातले न् तू बाहेर फळ्यावर सोडलेस व्हय?’ वाईट हेतू नव्हता, थट्टाच होती. गोदामाचा माणूस हसला, ग्रंथपाल हसले. आणि बाबा हसले. दिवसभराच्या कामाने थकलेले माझे बाबा, बापूशेठ हसले म्हणून हसले.  मी ओढणीचं टोक घेतलं आणि खालची ओळ पुसून टाकली. ‘आगं काहून पुसली?’ बाबा म्हणाले. मी म्हटलं, ‘चाचा आल्यावर तेच लिहितील.’ बाबांनी फळा हातात धरून थोडा विचार केला. एका ओळीचा फळा त्यांनी कधी लावला नव्हता. मग म्हणाले, ‘चाचा तर सुक्रवारी येतेत. तवर उघडंल बी. राहू दे.’ आणि त्यांनी फळा खिळ्याला लावला.

बुधवारी सकाळी माय मोंढ्यात जायला निघाली आणि पाच मिनिटांत परत आली. करीमचाचा गेले, म्हणाली. आम्हाला समजेचना. चाचा तर वसमतला. बाबा तसेच अनवाणी त्यांच्या गल्लीत गेले. कळलं ते असं, की तपासणीची काळजी लागून चाचा मंगळवारीच दुपारच्या एस.टी.ने परत आले होते, चाचींनाही बरोबर घेऊन. चाचींना घरी सोडून कामाला गेले, दिवस कलल्यावर, अस्राच्या नमाजानंतर, घरी आले तेव्हा डोकं धरून होते. मग उलट्या सुरू झाल्या, थांबेनात, छाती भरून आली. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि पहाटे ते गेले. वय सत्तरच्या पुढे, त्यात दम्याचा माणूस. प्रवास बाधला, बाळंतिणीच्या घरचं शिळं काही पोटात गेलं असेल, लोक असं बोलत होते. दुपारी बाबांनी जनाज्याला खांदा दिला. ‘कामाला गेले’ हे शब्द आम्ही सगळ्यांनीच ऐकले होते. काम म्हणजे कुठलं, हे त्या दिवशी आमच्या घरात कुणी उच्चारलं नाही. मायने चूल पेटवली नाही आणि धाकट्यांनी शेजारून आलेली भाकरी खाल्ली.

गुरुवारी दारं-खिडक्या उघडून दोन तास वारं जाऊ दिलं. मग बाबा आत गेले आणि मी मागोमाग. कपाटांपाशी वाळवी मरून पडली होती, मूठभर, कण्यांसारखी. बाबांनी तिकडे पाहिलंही नाही. ते सरळ गोणपाटाचा पडदा सारून चाचांच्या खोलीत गेले. मागच्या दाराला कुलूप नव्हतं, नुसतं लोटलेलं होतं. दाबणीच्या लाकडी यंत्रात एक जाड वही घट्ट आवळलेली होती. संस्थेची दाखल नोंदवही, साहेब पहिल्यांदा तीच बघणार होते. तिचा कणा तुटला होता आणि चाचा वसमतला जाताना तेवढं एक काम राहिलं होतं. आता तिला नवा तांबडा कणा होता, कोपऱ्यांना कापड होतं, टाके सारखे होते. इतकं काम घाईत करायचं म्हटलं तरी तीन तास लागतात. मंगळवारी दुपारी माय मोंढ्यात, आम्ही भावंडं शाळा-कॉलेजात आणि बाबा गावाकडे होते, भिंतीपलीकडची हातोडी ऐकायला घरी कुणी नव्हतं. शेजारी तपकिरीची डबी आणि चष्मा. बाबा जमिनीवर बसले. एवढंच म्हणाले, ‘तीन तास बसले असतील गं हितं.’

बापूशेठ आले. त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि चेहरा उतरला. खरंच उतरला, नाटक नव्हतं. बराच वेळ रुमालाने मान पुसत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, ‘दवाखान्यानं काय लिवलंय? दमा. माती झाली. आता उकरून काय मिळणार? दिवस कसे आहेत तुमाला ठाऊक हाये. कुतुबखान्यात मुसलमान माणूस औषधानं मेला अशी बोंब उठली तर काय हुईल? हिकडून येक बोलतील, तिकडून येक. कुतुबखाना राहील का?’  बाबांनी चष्मा आणि डबी रुमालात बांधली आणि चाचींकडे पोचती केली. कुठे सापडली हे सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. घरी येऊन मला म्हणाले, ‘फळा मीच लावला होता. तू कुनापाशी बोलू नको. कुतुबखाना बंद पडंल पोरी.’ ते मला वाचवत होते की कुतुबखान्याला की स्वतःला, हे मी पुढे खूपदा मनात उलटसुलट केलं. तेव्हा मात्र मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज मला चाचांच्या मरणाइतकीच वाटते.

साहेब आले. नोंदवही हातात घेऊन उघडली, मिटली, पुन्हा उघडली. म्हणाले, अशी बांधणी आता परभणीत कुणी करत नाही. वरचा वर्ग मिळाला. पेढे वाटले गेले. आमच्या घरी आलेला पुडा मायने गल्लीतल्या पोरांना देऊन टाकला. फळ्यावर वर्ग मिळाल्याची सूचना बाबांनी लिहिली, एकाच ओळीत, आणि मला खाली लिही असं ते म्हणाले नाहीत. मीही खडू उचलला नाही. दोन वकिलांनी ठरवलेलं, राज्य बदललं तरी न मोडलेलं ते असं मोडलं. पुढे संस्थेचा इतिहास छापला गेला, त्यात उर्दू सूचना ‘वाचकांअभावी बंद झाल्या’ असं वाक्य आहे.

चाळिसावा झाला आणि मी चाचींकडे गेले. सांगायचंच असं ठरवून गेले. बाबांना न विचारता, दोन रात्री वाक्य जुळवून. पहिलं वाक्य असं होतं, की चाची, चाचा दम्याने गेले नाहीत. दुसरं वाक्य फळ्याचं. चाचींची इद्दत, नवऱ्यामागचा सुतकाचा काळ, चालू होती, त्या घराबाहेर पडत नव्हत्या. मला पाहून त्यांनी मला जवळ ओढलं, चटईवर बसवलं, शिरखुर्म्याच्या वाटीत दूध आणि शेवया दिल्या. हातोडी, दाभण, दोऱ्याची रिळं एका फडक्यावर मांडलेली होती. मुलांपैकी कुणाला नको होती. वाटी हातात धरून मी पहिलं वाक्य काढणार, इतक्यात त्याच बोलायला लागल्या. कुणीतरी ऐकणारं हवं असतं अशा वेळी.

‘उस दिन घर आए तो सर फट रा था उनका,’ त्या म्हणाल्या, ‘फिर भी खुश थे. बोले, आज अपनी संगीता की लिखाई देखा तख्ती पे. मैं बोली, क्या लिखी? बोले, ऊपर मरहट्टी में कुछ है, और नीचे उसने लिखी थी, कुतुबखाना बंद. फिर मिटा दी थी, पर दिख रा था थोड़ा. तो मैं समझा, बंद था, अब खुल गया. इस वास्ते मिटा दी.’

मी वाटी खाली ठेवली. ओढणीने घाईत पुसलेला खडू पुरता जात नाही, हे मला तेव्हा सुचलंही नव्हतं. पुढच्या दाराला दुपारी रोजच कुलूप असायचं, म्हणून ‘बंद’ पुसलेलं पाहून त्यांनी आपल्या मागच्या दाराचं कुलूप काढलं. मी ती ओळ लिहिलीच नसती तर कदाचित कुणाला तरी विचारून ते आत गेले असते. आणि लिहून ठेवली असती तर गेलेच नसते.

‘मेरे कू बोले,’ चाची सांगत होत्या, ‘बच्ची के हर्फ अच्छे आए. जरा ऊपर चढ़ते, बस. मिटाना नको था. मैं आता तो उसके नीचे शाबास लिखता.’ मग त्यांनी माझ्याकडे पाहून अगदी सहज विचारलं, ‘कायकू मिटाई बेटी?’

मी म्हटलं, ‘ओळ वाकडी आली होती, चाची.’

चाची हसल्या. घरात मयत झाल्यापासून बहुधा पहिल्यांदाच. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, ‘पगली. इत्ती सी बात पे मिटाते क्या?’ आणि वाटी पुन्हा माझ्या हातात दिली. जुळवून आणलेलं पहिलं वाक्य माझ्या तोंडात होतं. मी शेवया खाल्ल्या, वाटी धुऊन ठेवली आणि घरी आले. चाची त्यानंतर अकरा वर्षं होत्या, आमच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून. ईदला मी जायची, आजारपणात जायची, त्यांची दुबईची पत्रं मी वाचून दाखवायची आणि उत्तरं मीच लिहून द्यायची. माझा हात पुढे चांगला बसला. ते वाक्य मी त्यांना सांगितलं नाही.